ग्रँटला पाठवलं, मीडला नाही

प्रश्न: मी ओहायोत एमएस करतेय. आमच्या युनिव्हर्सिटीत एक इतिहासकार आले होते, युद्धकाळातला राष्ट्राध्यक्ष या विषयावर आम्हा मुलांशी बोलले. लिंकन चुका कबूल करायचा म्हणाले आणि वेळच संपला. एकाने विचारलं की त्याने लोकांना खटल्याविना डांबलं त्याचं काय, तेही अर्धवट राहिलं. सांगाल का?

उत्तर: अगं, अमेरिकेचं यादवी युद्ध चालू होतं, लिंकनची उत्तर विरुद्ध फुटून निघालेली दक्षिण; त्यातले जुलै १८६३ चे दोनच दिवस बघ. लिंकनच्या बाजूच्या जनरल ग्रँटने ४ जुलैला मिसिसिपी नदीकाठचं विक्सबर्ग हे दक्षिणेचं ठाणं घेतलं. त्याआधी लिंकनला वाटत होतं की याने मिसिसिपीने खाली जाऊन आपल्याच दुसऱ्या जनरलला, बँक्सला मिळावं, पण ग्रँट वळला उत्तरेकडे, लिंकनला वाटलं चुकतोय हा. मग १३ तारखेला त्याने ग्रँटला पत्र लिहून सरळ सांगितलं, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. आणि तोवर दोघं कधी भेटल्याचंही त्याला आठवत नव्हतं, पत्राची सुरुवातच तशी आहे!

दुसऱ्याच दिवशी कळलं की गेटिसबर्गच्या लढाईत हरलेला दक्षिणेचा सेनापती ली पोटोमॅक नदी ओलांडून सैन्यासकट निसटला. नदीला पूर होता म्हणून तो आधी उत्तरेकडच्या काठावर अडकलेला, तरी त्याच्यामागे असलेल्या उत्तरेच्या सैन्याचा प्रमुख जनरल मीड, त्याने हल्ला केला नाही. लिंकन प्रचंड दुखावला, सोन्यासारखी संधी घालवलीत असं मीडला लिहिलं, आणि पत्र ठेवून दिलं. पाकिटावर स्वतःच शेरा मारला, कधी पाठवलं नाही, सही केली नाही. मीड युद्ध संपेपर्यंत आपल्या त्याच सैन्याचा प्रमुख राहिला. मला तर चूक कबूल करण्यापेक्षा हे जास्त अवघड वाटतं, कारण राग खरा होता आणि सेनापती मात्र लगेच दुसरा मिळणार नव्हता.

त्या मुलाचा प्रश्न रास्तच आहे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, न विचारता हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेचं कारण कोर्टापुढे दाखवायला लावायचा हक्क, फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन पट्ट्यात स्थगित केला. सरन्यायाधीश टॉनींनी हा अधिकार तुमचा नाही असा निर्णय दिला तरी तो हटला नाही, काँग्रेसचा कायदा आला थेट मार्च १८६३ ला. राजधानी वॉशिंग्टनचा बाकी उत्तरेशी संपर्क तुटायची वेळ आली होती हे मान्य, तरी मला ते खटकतंच.

पण याच माणसाने ऐन युद्धात १८६४ ची निवडणूक होऊ दिली, आणि ऑगस्टमध्ये आपण हरणार असं वाटल्यावर एका कागदावर लिहिलं की हरलो तर नव्या राष्ट्राध्यक्षाशी सहकार्य करून, त्याने शपथ घेण्याआधीच देश वाचवायचा. मंत्र्यांनी न वाचता त्यामागे सह्या केल्या, आतला मजकूर त्यांना निवडणूक जिंकल्यावर, नोव्हेंबरात कळला.