पेपर पीसिंगमध्ये तुकडा उलटला की जागा झाकत का नाही, आणि हे शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की साधं पॅचवर्क तुम्हाला चांगलं जमतं, पण पेपर पीसिंगला, म्हणजे कागदाच्या आधाराने कापडाचे तुकडे जोडायला, बसलात की शिवलेला तुकडा उलटल्यावर निम्मी जागा उघडीच राहते, तीनदा उसवलंत आणि चौथ्यांदा कागदच फाटला. मी बऱ्याच वर्षांपासून मशीनवर पेपर पीसिंग करते आणि माझी सुरुवातही अशीच झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट, कारण व्हिडिओ शोधताना यात खूप घोळ होतो. पेपर पीसिंग म्हणून लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. इंग्लिश पेपर पीसिंग हातशिलाईचं असतं, त्यात कागदाच्या षटकोनावर वगैरे कापड गुंडाळून कडेला कडा टाचतात. ती पद्धत खूप जुनी आहे, ब्रिटनमध्ये १७१८ हे साल ज्यावर आहे असं एक रेशमी पॅचवर्कचं पांघरूण आहे, त्याच्या आत ते कागद अजून तसेच आहेत. तुम्ही करताय ते फाउंडेशन पेपर पीसिंग, म्हणजे कागदावर छापलेल्या रेषेवरूनच मशीन चालवायची. दोन्हीचे व्हिडिओ एकत्र बघाल तर गोंधळ वाढेल.

आता तुमची अडचण. छापलेली बाजू वर ठेवून आपण शिवतो आणि कापड असतं कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, त्यामुळे सगळं आरशातल्यासारखं होतं, डावीकडे तोंड असलेला छापील पक्षी कापडात उजवीकडे बघतो. हे डोक्यात फिरवत बसू नका, माझ्या डोक्यात ते आजही फिरत नाही, पण हाताला मात्र सवय होते. बहुतेक जण (मीसुद्धा) सुरुवातीला दोन नंबरचा तुकडा दोन नंबरच्या जागेवरच (कागदावर जागांना शिवण्याच्या क्रमाने नंबर छापलेले असतात) ठेवून शिवतात आणि तिथेच फसतं, कारण शिवताना तो एक नंबरच्या तुकड्यावर पालथा पडलेला असायला हवा, दोनच्या जागेवर तो उलटल्यानंतर येतो.

मी असं करते. एक नंबरचा तुकडा कोऱ्या बाजूला, सुलट बाजू वर, ग्लू स्टिकचा एक ठिपका लावून चिकटवते. खिडकीच्या उजेडात धरून बघते की तो चारी बाजूंनी रेषेच्या बाहेर किमान पाव इंच जातोय. मग एक आणि दोनमधल्या रेषेवर जाड कार्ड ठेवून कागद दुमडते, बाहेर आलेलं कापड घडीपासून पाव इंच सोडून कापते आणि कागद परत उलगडते. आता दोन नंबरचा तुकडा घ्या, तो शेवटी जसा दिसायला हवा तसा सुलट त्याच्या जागेवर ठेवा, रेषा ओलांडून पाव इंच एकच्या अंगावर जाईल असा, आणि मग पुस्तकाचं पान उलटतो तसा त्या रेषेवरून एकच्या अंगावर पालथा करा. त्याची कड एकच्या कापलेल्या कडेशी जुळायला हवी. आता लगेच शिवू नका! रेषेवर दोन टाचण्या लावा, तुकडा उलटवा, उजेडात धरा, जागा पूर्ण झाकतेय आणि बाहेर पाव इंच माया (शिवणीसाठीचं जादा कापड) उरतेय का बघा. झाकत नसेल तर फक्त टाचण्या काढायच्यात, उसवायचं काहीच नाही. टोकदार त्रिकोण असले की ही तपासणी मी आजही दरवेळी करते.

आणि तुकडे मोठे कापा हो. साध्या पॅचवर्कमध्ये नेमकं माप कापायची शिस्त आपल्याला लागलेली असते पण इथे ती आड येते. जागेपेक्षा चारी बाजूंनी किमान अर्धा इंच जास्त घ्या, तिरप्या जागांना त्याहून जास्त. कापड थोडं वाया जातं हे खरं, पण मला तरी ते उसवण्यापेक्षा परवडतं.

टाका बारीक ठेवा, साधारण १.५ मिमी, आणि सुई ९०/१४. बारीक टाक्यांनी कागदाला एकमेकांच्या जवळ भोकं पडतात, मग तो शेवटी सहज फाटतो आणि शिवण ओढली जात नाही. रेषेच्या आधी दोन-तीन टाके सुरू करा आणि नंतर दोन-तीन टाके जास्त घ्या. कागद मध्येच फाटला तर छापील बाजूने पारदर्शक टेप लावा, फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका. इस्त्री प्रत्येक शिवणीनंतर हवीच, पण वाफ बंद ठेवून, कारण वाफेने कागद सुरकुततो आणि इंकजेटची शाई कापडाला लागू शकते.

प्रिंट काढताना १०० टक्के स्केल आहे ना बघा आणि पॅटर्नवर एक इंचाचा चौकोन असेल तर तो पट्टीने मोजाच. माझ्या एका क्विल्टचे (गोधडीचे) चौदा ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडायचे भाग, मी ‘पानात बसवा’ या सेटिंगवर छापले होते, दिसायला सुंदर, पण बाकीच्या ब्लॉकांना जोडायला गेले तेव्हा सगळे लहान भरले, फार वाईट वाटलं होतं.

पहिला पॅटर्न म्हणून फ्लाइंग गीजची तीन-चार त्रिकोणांची एक पट्टी घ्या आणि तीच चारदा शिवा. तिसऱ्या पट्टीपर्यंत हात आपोआप वळायला लागतात. मरिनर्स कंपास (होकायंत्रासारखा टोकदार किरणांचा ब्लॉक) आत्ता नको, त्यातली टोकं जुळवायला आधी वेगवेगळे भाग जोडायचा सराव लागतो. न्यूयॉर्क ब्युटी (गोलाईवर काटे असलेला ब्लॉक) बघून मन ललचावतं हे मला माहितीये, पण त्यातले काटे तेवढे कागदावर होतात, गोलाई नेहमीसारखीच जोडावी लागते, कारण तुकडा उलटायचा तर रेषा सरळच लागते.

कागद कधी काढायचा यावर मी ठाम आहे, शेजारचे ब्लॉक जोडून झाल्याशिवाय नाही. कडेला उरेब (तिरपं कापलेलं) कापड आलेलं असतं, कागद आधीच काढला तर ते ताणतं आणि ब्लॉक वाकडा होतो. जोडून झालं की शेवटच्या नंबरपासून मागे मागे येत फाडा, शिवणीवर अंगठ्याचं नख दाबून धरा म्हणजे टाके सैल होत नाहीत, आणि कोपऱ्यात अडकलेले बारीक कपटे चिमट्याने काढा.