पदवी सोडून गुन्हेकथा लिहायला जावे का?

स. न. वि. वि.

मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपली कन्या शिक्षण अर्धवट सोडून दूरचित्रवाणीसाठी गुन्हेकथा लिहायला मुंबईला जाऊ म्हणते आणि जिमी मॅकगव्हर्न या ब्रिटिश लेखकाचा दाखला देते, असे आपण कळवले आहे. दाखला उत्तम आहे. तो आपल्या बाजूचा आहे, एवढेच तिच्या लक्षात आलेले नाही.

मॅकगव्हर्न यांचा जन्म 1949 साली लिव्हरपूलमधील एका मोठ्या कामगार कुटुंबात झाला. मिळतील ती कामे करत ते पुढे शिक्षक झाले आणि त्यानंतर लेखनाकडे वळले. 1982 साली चॅनल फोरवर सुरू झालेल्या ‘ब्रुकसाइड’ या मालिकेच्या लेखकवर्गात त्यांनी कित्येक वर्षे काढली. ठरलेल्या मुदतीत, इतर लेखकांशी वाद घालत, सामायिक पात्रांसाठी प्रसंग लिहिणे हीच त्यांची उमेदवारी होती. 1993 साली ‘क्रॅकर’ ही मालिका आली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि तिचा नायक, योगायोगाने, पोलिसांना मदत करणारा एक मानसशास्त्रज्ञच आहे.

आपल्या कन्येला भावते ती त्यांची अन्यायाविषयीची चीड. 1989 साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूल फुटबॉल संघाचे प्रेक्षक चेंगरून मृत्युमुखी पडले आणि दोष मृतांवर व त्यांच्या सोबत्यांवरच ढकलला गेला. मॅकगव्हर्न यांनी आधी ‘क्रॅकर’मध्ये त्या घटनेने आतून उद्ध्वस्त झालेला खुनी रंगवला, मग 1996 साली मृतांच्या कुटुंबीयांच्या अनुभवांवर आधारित ‘हिल्सबरो’ हे दूरचित्रनाट्य लिहिले. हे मृत्यू बेकायदेशीर होते, असा ज्यूरीचा निर्णय यायला 2016 साल उजाडले. ‘डॉकर्स’ त्यांनी कामावरून काढलेल्या गोदी कामगारांना सोबत घेऊन लिहिले, तर 2014 सालच्या ‘कॉमन’मध्ये, एकाने केलेल्या खुनासाठी सोबतच्या सगळ्यांना दोषी धरू शकणाऱ्या इंग्लंडमधील कायद्यावर बोट ठेवले. त्यांच्या काही कथांत लेखकाचे झुकते माप फार लवकर उघड होते, असे माझे मत आहे; पण तो कायदा कोर्टात कसा लागू होतो, हे त्यांना बारकाईने ठाऊक असते.

हे ज्ञान मिळवण्यासाठी पदवी सोडण्याची गरज नाही. तिने अभ्यासक्रम पूर्ण करावा, सुट्टीत जिल्हा न्यायालयात बसून खुली सुनावणी ऐकावी आणि पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या पटकथालेखन अभ्यासक्रमाचा विचार करावा. या व्यवसायात नियमित पगार क्वचितच मिळतो, ही आपली शंका रास्त आहे. म्हणूनच मानसशास्त्राची पदवी हाताशी असावी. अशा विषयांनी तिचे मन काळवंडेल, ही भीती मात्र मला पटत नाही.

मुंबईचा निर्णय घेण्यापूर्वी तिने एका भागाची संपूर्ण पटकथा संवादांसह लिहून काढावी. ती माझ्याकडे पाठवल्यास मी अवश्य वाचेन.