‘शातोनफ द्यू पाप’मधलं पाप आणि ‘कोंत्रोले’चा कंट्रोल

प्रश्न असा आला आहे: फ्रान्समधल्या एका प्रसिद्ध वाइनचं नाव ‘शातोनफ द्यू पाप’. यात पाप कसलं? आणि लेबलावर त्या नावाच्या मागेपुढे ‘आपेलासिओं’ आणि ‘कोंत्रोले’ असे शब्द असतात. त्यांना मराठीत ‘भौगोलिक मानांकन’ म्हटलं तर चालेल का?

पापाचा निकाल आधी लावू. फ्रेंचमध्ये ‘पाप’ म्हणजे पोप. मूळ ग्रीक ‘पाप्पास’, म्हणजे लहान मुलांच्या तोंडचा ‘बाबा’. तिथून लॅटिन ‘पापा’, आणि पुढे फ्रेंच ‘पाप’. संस्कृत पापाशी त्याचं काही नातं नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती वाचकांना हा प्रश्न पडणारच नाही, कारण कोकणीत पोपला ‘पाप सायब’च म्हणतात.

‘शातो’ म्हणजे किल्ला, ‘नफ’ म्हणजे नवा. म्हणून सगळे सरळ अर्थ लावतात, ‘पोपचा नवा किल्ला’. हा अर्थ निम्माच बरोबर आहे. 1309 पासून पोप जवळच्या आविन्यों शहरात राहू लागले आणि पोप जॉन बाविसावे यांनी, जिथली ही वाइन त्या गावाच्या टेकडीवर, किल्ला बांधला, हे खरं. पण गावाचा ‘कास्त्रो नोवो’ असा लॅटिन उल्लेख 1094 चा आहे, म्हणजे किल्ल्याच्या दोनशे वर्षं आधीचा. तेव्हा ‘कास्त्रो’ म्हणजे तटबंदीचं गाव. पुण्यातला ‘नवा पूल’ जसा कितीही जुना झाला तरी नवाच, तसं हे. पुढे बराच काळ गावाला ‘शातोनफ काल्सर्निये’ म्हणत. शेजारच्या काल्सर्नियेला ते नाव चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलं होतं, म्हणजे आपली चुनाभट्टीच. ‘द्यू पाप’ अधिकृतपणे लागलं ते थेट 1893 साली. वाइनचं नाव मोठं झालं तसं गावाने पोपला जवळ केलं, असं माझं मत.

आता ‘आपेलासिओं’. ‘आपले’ या क्रियापदाचा अर्थ हाक मारणे, नावाने बोलावणे. त्याचं नाम ‘आपेलासिओं’, म्हणजे साधं ‘नाव’. पूर्ण संज्ञा ‘आपेलासिओं दॉरिजीन कोंत्रोले’. यातलं ‘दॉरिजीन’ म्हणजे ‘मूळ ठिकाणाचं’. लेबलावर मात्र बहुधा ‘दॉरिजीन’च्या जागी त्या ठिकाणाचंच नाव घालतात: ‘आपेलासिओं शातोनफ द्यू पाप कोंत्रोले’.

घोळ होतो ‘कोंत्रोले’पाशी. ‘कंट्रोल’ म्हटलं की जुन्या मराठी माणसाला रेशनचं, ‘कंट्रोलचं धान्य’ आठवतं. फ्रेंच ‘कोंत्रोल’ म्हणजे मुळात ‘कोंत्र-रोल’, ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही. आपला ‘पडताळा’ याच्या अगदी जवळ जातो.

आणि पडताळायचं असतं ते नियमांशी. इथे हेक्टरी कमाल 35 हेक्टोलिटर वाइन, म्हणजे एकरी सुमारे 1,400 लिटर. जादा निघालेल्या वाइनला हे नाव लावता येत नाही. अल्कोहोल किमान 12.5 टक्के. तेही द्राक्षातल्याच साखरेतून यायला हवं, कारण वरून साखर घालायला बंदी आहे. तोडणी हातानेच, आणि खराब मणी निवडून काढणं सक्तीचं. मूळ नियमात एकूण तोडणीच्या किमान 5 टक्के द्राक्षं बाजूला काढावीच लागत. वाइन लाल किंवा पांढरीच. त्याच बागेत कुणी गुलाबी केली, तर ती कितीही चांगली असो, हे नाव मिळणार नाही. द्राक्षाच्या जातींचा आकडा ‘तेरा’ असा रूढ आहे. एकाच जातीची वेगवेगळ्या रंगांची द्राक्षं स्वतंत्र मोजायला लागल्यापासून, 2009 नंतर, तो अठरा झाला. तेराही जाती मिसळाव्याच लागतात हा मात्र गैरसमज आहे. नुसत्या ग्रनाश या एकाच जातीची वाइनही चालते.

हे नियम वरून लादलेले नाहीत. इथली वाइन एके काळी पिंपांनी बर्गंडी या फ्रान्समधल्याच दुसऱ्या वाइनच्या प्रदेशात जाई, तिथल्या हलक्या वाइनला जोर द्यायला. आणि गावाचं नाव लावून भलतीच वाइन विकली जाई. 1923 मध्ये बागायतदार बारों ल रुआ या वकिली शिकलेल्या जमीनदाराकडे गेले आणि त्याने अटी मांडल्या. जमिनीची अट मला फार आवडते: जिथे लॅव्हेंडर आणि थाइम उगवतात तीच जमीन पात्र. म्हणजे रुक्ष, गोट्यांनी भरलेला माळ. गाळाची सुपीक जमीन बाद, कारण तिथे द्राक्षं भरमसाट येतात आणि रस पातळ होतो. कोर्टकज्जे 1933 पर्यंत चालले. 1935 मध्ये देशभरासाठी कायदा झाला आणि 15 मे 1936 रोजी जाहीर झालेल्या पहिल्या काही आपेलासिओंमध्ये हे नाव होतं. (याच गावाने 1954 मध्ये उडत्या तबकड्यांना आपल्या हद्दीत उतरायला बंदी घालणारा हुकूम काढला. हद्दीबद्दल ही मंडळी किती दक्ष!)

आता ‘भौगोलिक मानांकन’. फेणी (2009), कोकणचा हापूस (2018) यांच्यासाठी वृत्तपत्रांनी हा शब्द रुळवला आहे. अडचण ‘मानांकन’ची. आयएसओलाही मानांकन आणि हॉटेलच्या ताऱ्यांनाही मानांकन, त्यामुळे कुणीतरी गुण दिले असं वाटतं. आपेलासिओं गुण देत नाही. त्या बाटलीतली वाइन सुमारही निघू शकते. हिंदीतला ‘भौगोलिक संकेत’ या बाबतीत अधिक निर्दोष आहे. शिवाय भारतातल्या नोंदणीत भर मुख्यतः नावावरच्या हक्कावर असतो. एकरी किती उत्पादन, तोडणी कशी, इतकं खोलात शिरणं ही फ्रेंच आपेलासिओंची खासियत.

म्हणून बातमीत, ढोबळ अर्थाने, ‘भौगोलिक मानांकन’ चालवून घ्यावं. वाइनविषयीच्या लेखात मात्र पहिल्यांदा ‘पडताळलेलं मूळनाम’ असं फोडून सांगावं आणि पुढे सरळ ‘आपेलासिओं’ लिहावं. उच्चार लिहिताना ‘शॅटोनूफ’ नको. शेवटचा ‘फ’ उच्चारला जातो, आणि त्याआधीच्या स्वराला मराठीत ‘अ’च सर्वांत जवळचा.