मुलीचं नाव 'नुब्रा' ठेवायचंय, नोंदणीत अडवतात

प्रश्न: आम्ही कोरेगाव तालुक्यातले. माझे पती सैन्यात आहेत, सध्या लडाखमध्ये नुब्रा खोऱ्यात. मुलगी झाली तेव्हाही ते तिकडेच होते, म्हणून तिचं नाव नुब्रा ठेवायचं आम्ही दोघांनी ठरवलं. रुग्णालयाने जन्माची माहिती पाठवताना नावाचा रकाना मोकळा सोडला होता. मुलगी आता दहा महिन्यांची आहे. नाव घालायला गेले तर खिडकीवरच सांगितलं, "हे ठिकाणाचं नाव आहे, माणसाचं नाही. गॅझेट करून आणा आणि वडिलांना घेऊन या." सासऱ्यांनाही नाव पसंत नाही. ते म्हणतात, आमच्या आईचं नाव द्वारकाबाई, बहिणीचं सुमन. अशी साधी नावं सोडून हे कुठलं? मी काय करू?

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, गॅझेट करू नका. शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात देतात ती जुनं नाव टाकून नवं घेणाऱ्यांनी. तिथे जुन्या नावाचा रकाना भरावाच लागतो. तुमच्या मुलीच्या दाखल्यावर नावच नाही, तर बदलणार काय? कुणाच्या सांगण्यावरून तिथे 'बेबी' किंवा घरातलं लाडाचं नाव घातलंत, तर तिला कधीच नसलेलं नाव सरकारी कागदावर येईल आणि पुढे पासपोर्टच्या वेळी त्याचा खुलासा करत बसावं लागेल.

तुमचं काम जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 मध्ये बसतं. जन्म नावाशिवाय नोंदला गेला असेल, तर आईवडील किंवा पालक नंतर तोंडी किंवा लेखी नाव कळवतात आणि निबंधक ते नोंदवहीत घालतात. 12 महिन्यांच्या आत याला शुल्क नाही. त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. हे 12 महिने जन्मतारखेपासून नाही, नोंदणीच्या तारखेपासून मोजायचे. ती तारीख दाखल्यावर छापलेली असते, आजच बघून ठेवा. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

आता ठिकाणाच्या नावाचं. या कायद्यात चालणाऱ्या किंवा न चालणाऱ्या नावांची यादी नाही. आईवडिलांनी सांगितलेलं नाव निबंधकांनी बिनचूक लिहायचं असतं, ते नाव कुठून आलं याची चौकशी त्यांच्याकडे दिलेली नाही. सीबीएसईच्या प्रमाणपत्रावरील नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे आणि त्याला राज्यघटनेच्या कलम 19 चं संरक्षण आहे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या कानाला नाव नवीन वाटलं, एवढ्या कारणाने ते नाकारता येणार नाही.

सासऱ्यांचा विरोध कायद्याच्या दृष्टीने आड येत नाही. आजोबांची संमती कुठेच लागत नाही. तरी त्यांच्याशी बोला, कारण मुलगी त्याच अंगणात वाढणार आहे. त्यांच्या आईचं नाव द्वारकाबाई. द्वारका हे गावच आहे. काशीबाई, मथुराबाई, गयाबाई, प्रयागबाई ही आपल्या आज्या-पणज्यांची नावं गावांवरूनच आली. जिथे जाणं पुण्याचं वाटे, पण जायला मिळेलच असं नव्हतं, ते गाव लोकांनी लेकीच्या रूपाने घरात आणलं. नदीची नावं तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी. कृष्णा, कोयना कुणाला परक्या वाटतात? नुब्रा हीसुद्धा नदी आहे. सियाचीन हिमनदीतून निघते आणि दिस्कितजवळ श्योक नदीला मिळते. त्या पाण्याजवळ तुमचा मुलगा पहारा देतोय म्हणून नातीला हे नाव, असं त्यांना शांतपणे सांगा. माझ्या मते हे नाव द्वारकाबाईंच्या घराण्याला शोभणारंच आहे.

वडिलांना घेऊन येण्याची अटही कायद्यात नाही. कलमात 'आईवडील किंवा पालक' असं आहे, आईने दिलेली माहिती पुरते. तरी पतीकडून सहीचं संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत मागवून जोडा. आईवडिलांचं एकमत आहे हे कागदावर दिसलं की पुढचे प्रश्न थांबतात.

पुन्हा जाल तेव्हा खिडकीवर तोंडी बोलू नका. निबंधकांच्या नावे लेखी अर्ज करा, कलम 14 चा उल्लेख करा, नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत ठळक लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परतू नका. हे मी आग्रहाने सांगतोय, कारण तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. नाकारायचंच असेल तर लेखी कारण मागा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम 25अ आलं आहे. निबंधकांच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येतं आणि त्यांनी ते 90 दिवसांत निकाली काढायचं असतं. लेखी अर्ज पडल्यावर बहुतेक प्रकरणं तिथवर जातच नाहीत.

मला खरी भीती वेगळीच वाटते. टाइप करणारा 'नुब्रा'चं 'शुभ्रा' करेल, चूक सुधारली असं समजून. अंतिम दाखला निघण्याआधी मसुदा स्क्रीनवर पाहा, अक्षर न् अक्षर वाचा. चूक राहिलीच तर कलम 15 खाली दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा येतो. तो शेरा टाळलेला बरा. जन्मस्थळाच्या रकान्यात तर नुब्रा गेलं नाही ना, हेही तपासा.

मुलगी मोठी झाल्यावर तिला नाव नकोसं वाटलं, तर 18 पूर्ण झाल्यावर ती स्वतः राजपत्रातून बदलू शकेल. तो तिचा निर्णय.

मुलीचं आधार आधीच काढलं असेल, तर दाखला हातात आल्यावरच त्यातलं नाव बदला. आधारमध्ये नाव बदलण्याची संधी दोनदाच मिळते. आणि पतीला आजच विचारा, युनिटमध्ये मुलीच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवा-नोंदीत कुटुंबाची माहिती चढवणारा आदेश, निघाली आहे का, आणि तिच्यात कोणतं नाव घातलं आहे. तिथलं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव स्पेलिंगसकट एकच हवं, नाहीतर वैद्यकीय सवलत आणि पुढे पेन्शनच्या कागदांना अडकाठी येते. ऑर्डर निघाली नसेल, तर नव्या दाखल्याची प्रत जाईपर्यंत त्यांना थांबायला सांगा.