सही करण्याआधी मसुदा नीट वाच

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, हे तुझ्या पत्रातून कळलं. आता घरचे म्हणतील, एकदाचं आटपून टाका. पण संमतीच्या अटींचा मसुदा घाईत होऊ देऊ नकोस. पुढे काही अडलं, तर न्यायालय त्या अटीच उघडून बघतं.

आधी वेळेचा हिशेब. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यासाठी घरं वेगळी असलीच पाहिजेत असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नातं उरलं नसेल तरी चालतं. मात्र दोघांनी सांगितलेली तारीख एकच हवी. अर्जात मार्च आणि न्यायालयाच्या समुपदेशकासमोर जून, असं झालं की प्रकरण रेंगाळतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा निकाल मागायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात. पण वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी व मुलांचा ताबा आधीच ठरलेला असावा. मसुदा कच्चा असेल तर माफीही मिळत नाही.

निकाल लागेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे पैशांचं ठरवताना लक्षात ठेव. एकरकमी पोटगी दोन टप्प्यांत घे: काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला पुन्हा निकाल मागताना होणाऱ्या दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. मधेच कोणी फिरलं तर पहिल्या हप्त्याचं काय, तेही लिहून घे. ‘नंतर देतो’ यावर सही करू नकोस. आणि आकडा ठरवण्याआधी नवऱ्याची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं आणि कर्जांचा तपशील माग, तुझाही दे. पोटगीच्या वादात उत्पन्न-मालमत्तेचं असं प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोघांनाही बंधनकारक केलंय. संमतीने होत असलं तरी तोच नमुना समोर ठेव.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फ्लॅटमध्ये. अटींत लिहितात, ‘घर पत्नीचं, हप्ते पती भरेल’. पण बँक काही तुमच्या घटस्फोटात पक्षकार नसते. कर्जावर तुझं नाव असेल आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक तुलाच गाठणार आणि तुझा सिबिल स्कोअरही घसरणार. म्हणून कर्ज फेडायचं कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, तुझं नाव कर्जातून कधी निघणार आणि सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) कधी बदल होणार, हे सगळं अटींत यायला हवं. फ्लॅटचं बक्षीसपत्र (गिफ्ट डीड) करायचं असेल तर निकालाआधी वकिलांशी बोल; नवरा-बायको या नात्यामुळे मिळणारी मुद्रांक शुल्काची सवलत निकालानंतर हातची जाते.

लेक पाचाच्या आतली असल्याने ताबा साधारणपणे तुझ्याकडेच राहील. पण ‘वडिलांना भेटू दिलं जाईल’ एवढ्याने भागत नाही. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, दिवाळीची आणि मेची सुट्टी अर्धी-अर्धी, न्यायचं-आणायचं कोणी, आजारी पडली तर काय, पासपोर्टच्या अर्जावर सही कोणाची. इतकं बारीक लिही. तिच्या खर्चावर पाणी सोडण्याचा हक्क तुला नाही, तो पैसा तिचा आहे. शाळेची फी दरवर्षी वाढते, म्हणून वाढीचा टक्काही घाल.

दागिन्यांची यादी वजनासह आणि फोटोंसह जोड. स्त्रीधन तुझंच आहे, ते पोटगीच्या रकमेत मोजू देऊ नकोस. सासरच्या लोकांवर छळाचा गुन्हा नोंदवला असशील, तर तो नुसत्या अटींनी संपत नाही. उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो. अर्ज कोण करणार, तुझं संमतीचं प्रतिज्ञापत्र कधी द्यायचं, हेही लिहून ठेवा.

आता तुझ्याविषयी. ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड आजच बदल. त्याच्या खात्यात मात्र डोकावू नकोस. रागाच्या भरात रात्री संदेश पाठवू नकोस. जोडीदाराने चोरून केलेलं ध्वनिमुद्रणही पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये म्हटलंय. मावशी-आत्यांना उत्तरं देण्याचं काम एखाद्या भावाकडे सोपव. तारखेच्या आदल्या दिवशी झोप आणि दुसऱ्या दिवशी रजा, दोन्ही घे. रडू आलं तर येऊ दे. निर्णय चुकला म्हणूनच रडू येतं असं नसतं गं.

विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक खात्यांवरची नॉमिनीची नोंद निकालाआधी तपासून यादी करून ठेव. निकालाच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढ. बँकेला आणि पासपोर्टला लागतात. मसुदा हातात आला की सहीआधी मला पाठव. पानापानावर पेन्सिलने खुणा करून परत देईन.

तुझी,
काकू