गैरहजर लेकरांचा तास

अंबाजोगाई

प्रिय पोरी,

जॉईन होऊन महिना व्हायच्या आत प्राचार्यांनी ई-लर्निंगचं काम तुझ्या गळ्यात घातलं, हे ऐकून हसू आलं. कॉम्प्युटरचं काहीही निघालं की सगळ्यात तरुण सीएचबीवाल्याला, म्हणजे तासावर नेमलेल्या प्राध्यापकाला, शोधायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. पण काम चांगलं आहे, टाळू नकोस. फक्त ते कुणासाठी करायचं, हे आधी ठरव. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीसाठी करायचं असेल तर सोपं आहे. स्मार्ट बोर्डासमोर उभं राहून जिओटॅगचा फोटो काढायचा, यूट्यूबवर चार-दोन व्हिडिओ चढवायचे, लिंका आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, पाठवायच्या. दुपारच्या चहापर्यंत आटोपतं.

तू एक कर. मागच्या वर्षीचा हजेरीपट मागून घे आणि दिवाळीनंतरची पानं बघ. केज, धारूर, वडवणी या पट्ट्यातल्या कॉलेजात काही नावांपुढे 'अ' सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत थांबत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आई-बाप कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघतात. पोरगं कधी सोबत जातं, कधी लहान भावंडांजवळ गावात राहतं. दुसरं सत्र त्याच्यासाठी जवळजवळ नसतंच. त्याच्या जोडीला रोज शेवटच्या एसटीवर जीव टांगलेल्या पोरी धर; गाडी चुकेल म्हणून त्या प्रॅक्टिकल अर्धं टाकून उठतात. आपण ७५ टक्के हजेरीचा नियम दाखवतो आणि मोकळे होतो. मराठवाड्यात ई-लर्निंगचा खरा उपयोग कुठे असेल तर या लेकरांसाठी. वर्गात रोज येणाऱ्याला तू आहेस, फळा आहे, लायब्ररी आहे.

एकदा हे ठरलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. पहिला म्हणजे, व्हिडिओच्या मागे फार लागू नकोस. दहा मिनिटांचा साध्या दर्जाचा व्हिडिओ सहज ५० एमबीला जातो. तेच दहा मिनिटांचं तुझं बोलणं ३२ केबीपीएसच्या ऑडिओत अडीच एमबीच्या आत बसतं. उसाच्या फडाजवळच्या कोपीत रेंजची एखादी दांडी असली तरी ते उतरतं आणि पोरगं मोळ्या बांधताना कानात घालून ऐकू शकतं. सोबत तुझ्या अक्षरातल्या दोन पानांची पीडीएफ दे, आकृत्या आणि सूत्रांसाठी. फोटो काढताना सावली पडू देऊ नकोस, एवढं पुरे.

लांबीचं म्हणशील तर २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला होता. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक सगळ्यात जास्त टिकून बघतात, असं त्यात दिसलं. ती बहुतेक माणसं चांगल्या इंटरनेटवर, आपल्या मर्जीनं शिकायला बसलेली होती. आपल्या पोरांकडून पाऊण तासाचं रेकॉर्डिंग ऐकायची अपेक्षा कशाला करायची? एका फायलीत एकच मुद्दा ठेव.

दुसरं, जे आधीच चांगलं झालेलं आहे ते पुन्हा करत बसू नकोस. एनपीटीईएल हा आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन तासांचा उपक्रम २००३ पासून चालू आहे. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७ मध्ये आलं, त्याच्याच जोडीला 'स्वयंप्रभा'च्या डीटीएच वाहिन्या आल्या. इंटरनेट नसलेल्या घरातही टीव्हीवर तास दिसावा म्हणून. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात आहेत आणि ते इंटरनेटशिवायही चालवता येतात. तुझ्या उष्मागतिकीच्या प्रत्येक प्रकरणावर आयआयटीतल्या कुणीतरी तुझ्या-माझ्यापेक्षा नेटकं बोलून ठेवलेलं आहे.

मग तुझं काम काय उरलं? जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत दहावी झालेलं लेकरू बीएस्सीला येऊन तो इंग्रजी तास ऐकतं, तेव्हा पाचव्या मिनिटाला त्याचा धागा तुटतो. तो कुठे तुटतो हे तुला माहीत आहे, आयआयटीच्या प्राध्यापकाला नाही. तिथे तुझा सहा मिनिटांचा मराठी आवाज हवा. एन्ट्रॉपी, रिव्हर्सिबल हे शब्द तसेच ठेव, परीक्षेत तेच येणार आहेत; पण वाक्य मराठी असू दे.

'स्वयम्'च्या रचनेत चार भाग आहेत: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःची चाचणी आणि चर्चेची जागा. आपल्याकडे पहिल्यालाच ई-लर्निंग म्हणतात आणि उरलेले तीन सोडून देतात. माझ्या मते ताकद तिसऱ्यात आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली पोरं गाईडवर पिवळी रेघ मारून चार वेळा वाचतात आणि पेपरात कोरी होतात, त्याचं कारण इथेच आहे. म्हणून प्रत्येक ऑडिओच्या शेवटी तीन प्रश्न विचार. गूगल फॉर्म हलका असतो, उघडतो. ज्याला तोही उघडत नाही त्यानं वहीत उत्तर लिहून फोटो पाठवावा. आणि उत्तर आलं की दोन ओळींत का होईना, काहीतरी परत पाठव. चारदा पाठवूनही सरांचा-मॅडमचा शब्द आला नाही तर पाचव्यांदा कोण पाठवतं?

आता वर्गाबद्दल. सांगण्याचा भाग ऑडिओत गेला की तुझा ४८ मिनिटांचा तास मोकळा होतो. बहुतेक जण त्या वेळात तेच पुन्हा सांगतात. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी नव्वदच्या दशकात एक पद्धत रुजवली, ती आपल्या वर्गात बिनखर्चाची आहे. एक प्रश्न टाकायचा, पर्याय द्यायचे, पोरांनी मनाशी ठरवून मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. तिकडे मत द्यायला क्लिकर नावाचं बटणांचं यंत्र वापरतात. तू जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं काप, त्यावर स्केचपेननं अ, ब, क लिही.

प्रश्न कसा असावा? उसानं भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावर निघालाय आणि वेग वाढवतोय. ट्रॅक्टर ट्रॉलीला ज्या बलानं ओढतो ते जास्त, की ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते ते? की दोन्ही सारखी? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी पोरंही बहुधा 'अ'चं कार्ड उचलतील: ट्रॅक्टरचं जास्त, नाहीतर ट्रॉली पुढे जाईल कशी? इथे लगेच उत्तर सांगू नकोस. बरोबर कार्डं ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर त्यांना आपसांत भांडू दे. त्याहून कमी असतील तर आधी एक सूचना दे: ट्रॉलीवर कोण कोण बल लावतंय ते सगळं काढा, मग ट्रॅक्टरवर कोण लावतंय ते वेगळं काढा. दोघांमधली बलं सारखीच आहेत. ट्रॅक्टर पुढे जातो तो रस्ता त्याच्या चाकांना पुढे ढकलतो म्हणून. हे मागच्या बाकावरचा एखादा ट्रॅक्टर चालवणारा पोरगा चिखलात फिरणाऱ्या चाकाचं उदाहरण देऊन सांगेल, तुझ्याआधी सांगेल. त्याला बोलू दे. मग हाच प्रश्न त्याच दिवशी फडावरच्या लेकरांना व्हॉइस नोटनं पाठव. त्यांच्यासमोर ट्रॉली उभीच असते.

प्रॅक्टिकलचं काय, असं तू विचारलंस. सगळं फोनवर होत नाही, त्याचा आग्रह धरू नये. व्हर्च्युअल लॅबवर आधी रंगीत तालीम होते, हाताचं वळण लागत नाही. पण एक ॲप डाउनलोड करून बघ, फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं केलंय, फुकट आहे. त्यातलं आवाजाचं स्टॉपवॉच अगदी स्वस्त फोनच्या माइकवरही चालतं. रानात दोघांनी दहा मीटर अंतरावर उभं राहायचं, दोघांजवळ एकेक फोन. पहिला टाळी वाजवतो, दोन्ही घड्याळं सुरू होतात. दुसरा वाजवतो, दोन्ही थांबतात. आवाजाला पोचायला वेळ लागतो म्हणून दोन आकडे जुळत नाहीत, सुमारे ०.०६ सेकंदाचा फरक येतो. जाऊन-येऊन २० मीटरला त्या फरकानं भागलं की ध्वनीचा वेग. वाऱ्याच्या घोंघाटात घड्याळ भलतंच सुरू होतं, तेव्हा भल्या पहाटे करायला सांग. असल्या गृहपाठाचा आणखी एक फायदा म्हणजे चॅटजीपीटीला ते आकडे माहीत नसतात.

व्हॉट्सॲप ग्रुप काढताना मात्र सांभाळ. साध्या ग्रुपात प्रत्येक पोरीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि पुढे कोण काय करेल सांगता येत नाही. पुष्कळींचा फोन बापाचा किंवा भावाचा असतो. एक भलता मेसेज आला की फोन बंद आणि शिक्षणही बंद. चॅनेल काढ, किंवा कम्युनिटीचा सूचनांचा ग्रुप. तिथे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. शंका तुला एकटीला येऊ देत.

क्रेडिटबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे क्रेडिट 'स्वयम्'मधून घेता येतात. पण कोणता कोर्स कशाच्या बदल्यात चालेल, हे विद्यापीठाची मान्यता असल्याशिवाय पोरांना सांगू नकोस. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, हेही आधीच सांग.

शेवटी तुझ्या स्वतःच्या पोटापाण्याचं. सीएचबीत तुला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, रेकॉर्डिंगचे मिळत नाहीत. म्हणून पहिल्या सत्रात एकाच पेपरचं एकच युनिट कर, सगळा अभ्यासक्रम अंगावर घेऊ नकोस. मूळ फायली कॉलेजच्या ईमेलवर नको, स्वतःच्या ड्राइव्हवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेव. प्रत्येक पीडीएफवर तुझं नाव आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिही, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातल्या पोरांनाही वापरता येईल आणि नाव तुझंच राहील. पुढच्या जूनमध्ये तुझ्या नेमणुकीची ऑर्डर निघाली नाही तर ते सामान तुझ्यासोबत जायला हवं. पहिली ऑडिओ झाली की मला पाठव. स्पीडबिड कमी न करता ऐकेन आणि कुठे घाई केलीस ते मिनिटासकट कळवीन.

तुझे सर