स्कॉटलंडच्या हायलँड्स आणि बेटांवर नवरा-बायकोने दहा दिवस गाडीने फिरायचं तर कसं आखावं?

हायलँड्समधल्या इन्व्हरनेस शहरातून गाडी भाड्याने घ्या. तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवायचं. स्काय बेटावर जायला १९९५ पासून पूल आहे. पुढे स्कायवरच्याच उइग बंदरातून हॅरिसवरच्या टार्बर्टला फेरी, साधारण पावणेदोन तास. माणसांना जागा मिळून जाते, गाडीला मिळेलच असं नाही, म्हणून बुकिंग आधीच करा. लुईस-हॅरिस या जोडबेटावर रविवारी बहुतेक दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.

रस्ते बरेचसे एकपदरी. समोरून गाडी आली की 'पासिंग प्लेस'मध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या रुंद जागेत, थांबायचं. जाताना समोरचा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानतो. तिसऱ्या दिवशी आमचे हेही बोट उचलायला लागले!

लुईसवरच्या कॅलनिशचे सुमारे ५००० वर्षांपूर्वीचे उभे दगड संध्याकाळी बघा. जुलै-ऑगस्टमध्ये मिज नावाची चिलटं चावून चावून हैराण करतात, त्यापेक्षा मे बरा.